सस्पेन्शनचा ब्रॅकेट कापण्याआधी
जुन्या गाडीच्या चासीवरचा (सांगाड्यावरचा) सस्पेन्शनचा ब्रॅकेट, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा जिथे जोडलेली असते तो धातूचा आधार, तडकला असेल, तर लगेच ग्राइंडर लावू नका. आधी बोल्टच्या भोकांपासून चासीवरच्या शाबूत खुणांपर्यंतची मापं लिहून घ्या, दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. एकदा कापला की मूळ जागा सापडणं फार कठीण, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानेही चाकांचं अलाइनमेंट (नेमकी दिशा आणि कोन) बिघडतं. गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. तडा बहुधा दिसतो त्याहून लांब गेलेला असतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची नळी बाजूला करा. नवा ब्रॅकेट आधी नुसत्या टाक्यांवर (वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांवर) बसवा, मापं पुन्हा तपासा, मगच पूर्ण वेल्डिंग, तेही थांबत थांबत. रबरी बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी नळकांड्यांचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.