गुणाकाराचा झटपट पडताळा: सम की विषम?

गुणाकार झाला की आधी उत्तराचा एकक बघा. दोन्ही संख्या विषम असतील तरच उत्तर विषम येते. एक जरी सम असली तरी उत्तर समच. म्हणजे ४७ × ६३ = २९६४ हे नक्की चूक, बरोबर २९६१.

दोन्ही संख्या सम असतील तर पडताळा आणखी कडक करा: शेवटच्या दोन अंकांना ४ ने भाग गेलाच पाहिजे. ४६ × ३८ करताना हातचा ४ ऐवजी ५ धरला की १७५८ येते. सम आहे, पण ५८ ला ४ ने भाग जात नाही. खरे उत्तर १७४८.

सम-विषम जुळले म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. ३८ × ५७ मध्ये दुसऱ्या ओळीतले शून्य राहिले तर २६६ + १९० = ४५६, तेही समच! इथे अंदाजच कामाला येतो: ४० × ६० = २४००.