फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत आणायचा नसेल तर: गुऱ्हाळावरचा थर्मामीटर, पहिल्यापासून

दरवर्षी जानेवारी उजाडला की ज्युनिअर पोरांचे फोन सुरू, दादा प्रोजेक्टला कायतरी सांग की. जानेवारीत काय सांगणार, तोवर निम्मी बॅच रेडिमेड किट घेऊन मोकळी झालेली असते आणि व्हायवात "हा रेझिस्टर इथं का लावलाय?" म्हटलं की चौघं एकमेकांकडं बघत बसतात. म्हणून यंदा आधीच लिहून ठेवतोय. तुम्ही शिवाजी विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजीला असा नाहीतर दुसऱ्या कुठल्या इंजिनिअरिंगला, कोल्हापुरात प्रोजेक्टचा विषय शोधायला इंटरनेटवर जायची गरज नाही, गाडीला किक मारून अर्धा तास जावा, विषय सापडतो.

आम्ही गूळ घेतला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो गूळ उतरवायचा कधी हे अजून गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराच्या डोळ्यावर आणि बोटांवर चालतं. रस उकळायला लागतो तेव्हा शंभरच्या आसपास असतो, पाणी उडत जाईल तसं तापमान चढतं आणि साधारण ११६ ते ११८ डिग्रीला पाक तयार. जरा उशीर झाला की गूळ करपट, लवकर उतरवला की मऊ राहतो. म्हणजे काहिलीतलं (रस उकळायच्या मोठ्या कढईतलं) तापमान दाखवणारा आणि वेळेवर भोंगा वाजवणारा डबा, बास, एवढाच प्रोजेक्ट. ॲप नको, क्लाउड नको, एआय तर मुळीच नको.

पहिलं काम म्हणजे काहीही विकत न घेता एक अख्खी काहील बघायची, चुलवाणाला (भट्टीला) चिपाड, म्हणजे उसाचा वाळलेला चोथा घालण्यापासून पाक गार करायच्या वाफ्यात ओतेपर्यंत. गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात आणि मार्चनंतर एकेक बंद होत जातात, त्यामुळं विषय ऑगस्टमध्ये ठरवून पहिली फेरी नोव्हेंबरात झालीच पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा गुळव्या मामांना विचारलं, मामा, पाक झालाय हे कसं कळतं? मामा काय बोलले नाहीत, थोडा पाक गार पाण्यात टाकला, त्याची गोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "दाब." दाबली. पाच मिनिटांनी परत एक दिली, ती दाबायला जोर लागला. त्या दोन गोळ्यांमध्ये जो फरक होता तो आमचा सगळा प्रोजेक्ट होता. वहीत लिहून घ्यायच्या गोष्टी पण तिथंच कळल्या: मळी काढायला झारा सगळीकडं फिरतो त्यामुळं सेन्सर मधोमध ठेवता येत नाही, रस आटत जातो त्यामुळं टोक शेवटच्या पातळीच्याही खाली पाहिजे, आणि तळाला टेकलं तर जाळाचं तापमान दाखवणार, पाकाचं नाही.

सामान साधं आहे. ईएसपी ३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, के टाइप थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारा दोन धातूंच्या तारांचा सेन्सर, त्याचं रीडिंग वाचायला मॅक्स ६६७५ चिपचं मोड्यूल, छोटा डिस्प्ले, भोंगा. मोड्यूलबरोबर जे नटबोल्टवालं थर्मोकपल येतं ते काहिलीला चालत नाही, त्याची वायर जेमतेम अर्धा मीटर असते. स्टीलच्या नळीतलं लांब प्रोब वेगळं घ्या. कोडमध्ये एकच मेख आहे, ह्या चिपला एक रीडिंग तयार करायला ०.२२ सेकंद लागतात, त्याआधी परत परत विचारत बसलात तर तोच जुना आकडा येत राहतो आणि तुम्ही वायरिंग उपसत बसता. सेकंदाला दोनदा वाचा, पाच रीडिंगची सरासरी दाखवा.

मग घरी टेस्ट. बर्फ आणि पाण्याच्या ग्लासात शून्याच्या जवळ आलं पाहिजे, उकळत्या पाण्यात ९८ च्या आसपास. शंभर नाही हां, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी दोनेक डिग्री आधीच उकळतं. आमच्यातल्या एकानं सेन्सर खराब म्हणून दुकानात परत न्यायची तयारी केली होती.

आता आमचा झालेला पोपट सांगतो, कारण हा तुमचाही होणार. आम्ही सुरुवातीला ते बोल्टवालंच थर्मोकपल वापरलं होतं आणि वायर पुरेना म्हणून साधी तांब्याची वायर जोडून लांब केली. घरी पातेल्यात बरोबर ९८. गुऱ्हाळावर मामांचा पाक तयार आणि आमचा डबा ८४ वर अडकलेला. मामा म्हणाले, "तुमचं मशीन अजून पानीच तापवतंय व्हय?" रात्री डोक्यात उजेड पडला. थर्मोकपल खरं तर दोन टोकांमधल्या तापमानाचा फरक मोजतं आणि चिप स्वतःचं तापमान त्यात मिळवते. तांब्याचा जोड आला की थर्मोकपलचं गार टोक त्या जोडापाशी सरकतं. जोड चुलवाणाजवळ ६५ ला तापलेला, चिप लांब सावलीत ३२ ला, म्हणजे मधले ३३ डिग्री सरळ गायब. घरी जोड आणि चिप दोन्ही एकाच ओट्यावर होते म्हणून कळलं नाही. वायर वाढवायचीच असेल तर के टाइपचीच एक्स्टेन्शन वायर घ्या आणि प्लस मायनस उलटं करू नका. रिपोर्टमध्ये आम्ही ह्यावर दोन पानं लिहिली आणि व्हायवात जास्तीत जास्त प्रश्न त्याच्यावरच आले.

प्रोबवर बाहेरनं एक नळी लागते, ती शिवाजी उद्यमनगरात करून घ्या. खायच्या वस्तूत बुडणार म्हणून स्टेनलेस ३०४ च, जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी पाइप नको, आणि खालचं तोंड आर्गन वेल्डिंगनं बंद. जाताना कागदावर ड्रॉइंग न्या, मापं मिलिमीटरमध्ये. "साधारण एवढी" असं हात करून दाखवलं की लेथवाले काका चहा पाजून परत पाठवतात. भिंत जाड घेऊ नका, आमची पहिली नळी इतकी दणकट झाली की आकडा पाकाच्या मागनं बैलगाडीसारखा यायचा. शेवटच्या चार-पाच डिग्री भराभर चढतात, तिथं असं मागं राहून चालत नाही. म्हणूनच भोंगा ११८ ला ठेवायचा नाही, ११० ला एकदा आणि ११५ ला परत, म्हणजे काहील उतरवायला माणसं जमतात.

करंटसाठी गुऱ्हाळाच्या लाइनवर जाऊ नका, चरकाची मोटर सुरू झाली की आमचा कंट्रोलर रिसेट व्हायचा. पॉवर बँक चालते, फक्त काही पॉवर बँका लोड कमी दिसला की आपोआप बंद पडतात, ते घरीच तासभर लावून बघा. सर्किट ब्रेडबोर्डवर न्यायचं नाही, झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या बोर्डावर) सोल्डर करून झाकणाच्या डब्यात, नाहीतर वाफ आत जाते. आणि पायात बूट पाहिजेत, चप्पल घालून काहिलीजवळ वाकायचं नाही, उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो.

व्हायवाला काहील नेता येत नाही हे आम्हाला आदल्या रात्री सुचलं. तुम्ही इलेक्ट्रिक किटली आणि थर्मासमध्ये बर्फ न्या, एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) शून्य आणि ९८ दाखवा, मग गुऱ्हाळावरच्या तीन-चार काहिलींचे ग्राफ पुढं ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड घरनंच न्या, लॅबमधला चालू असेल ह्या भरवशावर राहू नका.