हीटरचा पंखा फक्त चारवरच चालायचा
न्यू जर्सीत केटरिंगच्या कामाला माझी जुनी कार्गो व्हॅन आहे, व्ही८ इंजिन अजून ठणठणीत पण हीटरचा पंखा एक-दोन-तीनवर ढिम्म आणि चारवर टाकला की सुसाट. असं झालं की बहुतेक वेळा ब्लोअर रेझिस्टर (पंख्याचा करंट अडवून वेग कमी ठेवणारा भाग) गेलेला असतो, कारण फुल स्पीडला करंट त्याला वगळून थेट मोटरला जातो. बॅटरीची वायर काढून डॅशखाली हात घातला तर कनेक्टरचं प्लास्टिक वितळून तपकिरी, एक पिन पार काळी! नुसता रेझिस्टर टाकला असता तर तो परत जळलाच असता, म्हणून वायरसकट कनेक्टरपण नवीन घातला. मोटर हाताने फिरवली तर जड, बेअरिंग गेलेलं, म्हणजे करंट जास्त ओढत होती, तीही बदलली. आणि मेकॅनिक अख्खा डॅशबोर्ड खोलायला निघाला होता.