शेळीच्या कॉर्टिसोलचे चोवीस तास: गोठ्यावर जाण्याआधीची तयारी

सोलापूर भागातल्या दुभत्या शेळ्यांत कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवस-रात्रीत कसं चढतं-उतरतं हे पाहायचं असेल तर सुया-नळ्यांची जुळवाजुळव शेवटी करा. आधी शेरडांना तुमची सवय होऊ द्या. अनोळखी हाताने शेळी धरली की मेंदूकडून इशारा जातो, मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथी कामाला लागतात आणि काही मिनिटांतच रक्तातलं कॉर्टिसोल वाढतं. मग नळीत रोजची लय येत नाही, धरपकडीची भीती येते. म्हणून जो रक्त काढणार, त्यानेच दोन-तीन आठवडे आधीपासून रोज गोठ्यावर जावं. मूठभर मका भरडा द्यावा, मान हाताळावी, गळ्याच्या शिरेवर बोट दाबून धरावं आणि सोडून द्यावं. तुम्ही शेजारी बसलात तरी तिचं रवंथ थांबत नसेल, तर पुढच्या कामाला लागा.

निवडलेल्या शेळ्या एकाच जातीच्या आणि साधारण एकाच सुमाराला व्यायलेल्या असाव्यात. उस्मानाबादी आणि संगमनेरीची सरमिसळ नको. लंगडणारी, खोकणारी वगळा. एकटी तर कधीच बांधू नका. कळपातून तोडलेली शेळी ओरडत राहते आणि तो ताण थेट आकड्यांत उतरतो. सोबतीण समोर दिसेल असं दावं बांधा.

उन्हाचाच परिणाम तपासायचा नसेल तर मे टाळा. इथे पारा 42 अंशांवर जातो. हुरड्याचे दिवस बरे. तेव्हाही गोठ्यातलं तापमान आणि आर्द्रता टिपण्याची सोय हवीच.

माणसात पहाटे दिसतो तसा ठळक चढ रवंथ करणाऱ्या जनावरात दिसेलच असं नाही. कॉर्टिसोल थोड्या-थोड्या वेळाने झटक्यात सुटतं. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या दोन नमुन्यांवर लय ठरवणं मला मुळीच पटत नाही. दर अर्ध्या तासाला 2 मिली घेतलं तर चोवीस तासांत 96 मिली होतं. 30 किलोच्या शेळीत साधारण 2 लिटर रक्त असतं, तेव्हा हा हिशेब आधी मांडा आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी हातात आल्याशिवाय शेळीला हात लावू नका. शिरेतली नळी पशुवैद्यकाकडून आदल्या दिवशीच बसवून घ्या, म्हणजे टोचल्याचा ताण ओसरायला रात्र मिळते. नळी तुंबू नये म्हणून तिच्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं; प्रत्येक वेळी ते मिसळलेलं पहिलं रक्त टाकून द्या.

धार, कडबा कुट्टी, पाणी सगळं मालकाच्या नेहमीच्याच वेळेला. रात्री मंद लाल बॅटरी पुरते. गोठ्यात ट्यूबलाइट लावू नका. ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, नमुन्याच्या नळ्यांवर शेळीचा बिल्ला नंबर आणि वेळ आधीच लिहून ठेवा. बर्फाची पेटी भरा, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, लवकर वेगळा करून उणे 20 अंशांवर ठेवा, आणि वीज जाणारच हे धरून इन्व्हर्टर किंवा जवळचा दुसरा फ्रीझर पाहून ठेवा. जोडीला लेंड्याही गोळा करा. त्यात साधारण अर्धा दिवस मागचं कॉर्टिसोल दिसतं आणि शेळीला टोचावं लागत नाही.

एक वही फक्त गडबडीसाठी ठेवा: कुत्रं आलं, टेम्पो वाजला, करडू सुटलं, सगळं वेळेसकट. काम संपल्यावर नळी काढून जागा काही मिनिटं दाबून धरा, आणि पुढचे दोन-तीन दिवस गळ्याला सूज येते का हे स्वतः जाऊन पाहा.