स्वयंपाक शिकण्यासाठी जर्मनीला जाताना

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की बाबा मला स्कूटरवर बसवून सराफ्यात नेत असत. सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांसमोर कढया मांडल्या जात, आणि मी खाण्यापेक्षा करणाऱ्याच्या हाताकडे अधिक पाहत असे. गराडूचे, म्हणजे एका कंदाचे, एकदा तळून ठेवलेले तुकडे गिऱ्हाईक आल्यावर पुन्हा तेलात का सोडतात, भुट्ट्याच्या किसात दूध कधी घालतात, जीरावण हा माळव्यातला मसाला गरम पदार्थावरच का भुरभुरतात, हे मी घरी आल्यावर एका वहीत लिहून ठेवत असे. बारावीनंतर ही वही पाहूनच आई म्हणाली, ‘‘तुला हेच शिकायचं असेल तर नीट शीक.’’ ऑगस्ट २०२२ मध्ये मी जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील एका गावात स्वयंपाकी होण्याच्या प्रशिक्षणाला रुजू झाले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले. या वाटेने येऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

जर्मनीत या शिक्षणाला ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात. ते महाविद्यालयात होत नाही. एखाद्या हॉटेलाशी किंवा उपाहारगृहाशी तीन वर्षांचा करार होतो, आठवड्यातील बहुतेक दिवस तेथील स्वयंपाकघरात काम करावे लागते आणि उरलेला वेळ व्यवसायशाळेत जातो. काही ठिकाणी शाळा आठवड्यातून एक-दोन दिवस असते, तर काही ठिकाणी सलग काही आठवडे भरते. शुल्क द्यावे लागत नाही, उलट दरमहा मोबदला मिळतो. २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणासाठी कायद्याने ठरवलेला किमान मोबदला पहिल्या वर्षी ६८२ युरो असून दुसऱ्या वर्षी तो १८ टक्क्यांनी आणि तिसऱ्या वर्षी ३५ टक्क्यांनी वाढतो. अनेक हॉटेले याहून अधिक देतात. तरीही खोलीचे भाडे आणि विम्याची कपात लक्षात घेऊन हिशेब मांडावा, कारण मोबदला अपुरा वाटल्यास व्हिसासाठी उरलेल्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते.

सर्वांत आधी भाषा शिकावी, असे मी आग्रहाने सांगेन. या व्हिसासाठी साधारणपणे बी-१, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन लागते. मी इंदूरला शिकवणी लावली आणि परीक्षेसाठी रात्रीच्या बसने पुण्याच्या मॅक्स म्युलर भवन या जर्मन भाषासंस्थेत गेले. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही भागांत स्वतंत्रपणे ६० टक्के गुण मिळवावे लागतात. माझा श्रवणाचा भाग पहिल्या खेपेस राहिला आणि त्यासाठी दुसऱ्यांदा पुणे गाठावे लागले. त्या वेळी फार वाईट वाटले होते, पण पुढे स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी पंख्यांच्या घरघरीत आणि भांड्यांच्या आवाजात बव्हेरियन वळणाचे जर्मन कानावर आले, तेव्हा श्रवणाची तयारी बी-१ च्याही पुढे नेणे का आवश्यक आहे ते कळले. मागून कोणी गरम पातेले घेऊन येत असेल आणि त्याची हाक आपल्याला समजली नाही, तर भाजते.

कराराच्या बाबतीत माझी मोठी फसगत होता होता टळली, पण थोडा फटका बसलाच. एका मध्यस्थाने ‘प्रशिक्षण शुल्क’ म्हणून मोठी रक्कम मागितली आणि बाबांनी तिचा पहिला हप्ता भरलाही होता. पुढे आलेला कागद प्रशिक्षणाचा नसून भांडी घासण्याच्या नोकरीचा होता, आणि तो हप्ता आम्हाला परत मिळाला नाही. जर्मन कायद्यानुसार प्रशिक्षण दिल्याबद्दल मालकाला शिकाऊ व्यक्तीकडून पैसे घेता येत नाहीत, आणि खरा करार तेथील उद्योग व व्यापार मंडळाकडे नोंदवलेला असतो, हे आम्हाला तेव्हा माहीत असते तर तो फटका बसला नसता. जर्मनीच्या केंद्रीय रोजगार विभागाच्या संकेतस्थळावर प्रशिक्षणाच्या जागा विनामूल्य पाहता येतात. मी तेथूनच थेट अर्ज पाठवले आणि अर्जात शाळेच्या गुणांपेक्षा माझ्या वहीविषयी अधिक लिहिले. मुलाखतीत मुख्य शेफनी विचारलेला पहिला प्रश्न त्या वहीविषयीच होता.

पहिल्या वर्षी चव घेण्याची संधी थोडी आणि सोलणे, चिरणे, पुसणे, शीतकपाटांच्या तापमानाची नोंद करणे ही कामे पुष्कळ, असे असते. एप्रिल ते २४ जून हा तेथील पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे ‘श्पार्गेल’चा हंगाम. हातात आडवी धरून शेंड्याच्या खालपासून बुडापर्यंत ती सोलायची. शेंड्याला सोलणी लागता कामा नये आणि सालीचा एक धागाही उरता कामा नये, कारण तो शिजल्यावर दाताखाली येतो. साली टाकून देत नाहीत, त्या उकळून सारासाठी पाणी काढतात. आजी दोडक्याच्या शिरांची चटणी करत असे, त्यामुळे हे मला अगदी ओळखीचे वाटले.

ओळखीचा वाटलेला आणखी एक पदार्थ ‘झेमेलक्नोडल’. शिळ्या पावाचे तुकडे कोमट दुधात भिजवून त्यात अंडे, परतलेला कांदा, पार्सली आणि जायफळ घालतात, ओल्या हातांनी गोळे वळतात आणि मिठाच्या पाण्यात सोडतात. माझा पहिला घाणा पूर्णपणे विरघळला, कारण मी पाणी खळाखळा उकळत ठेवले होते. शेफनी आच कमी केली आणि पाणी नुसते थरथरत ठेवायला सांगितले. दुसऱ्या वेळी गोळे आधी तळाशी बसले आणि काही मिनिटांनी एकेक करून वर आले. आमच्या शेजारच्या माळवी काकू बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, भाजण्यापूर्वी पाण्यात उकळत आणि ‘तरंगला की काढ’ असे सांगत. तीच खूण मी येथे पुन्हा पाहत होते. त्यानंतर प्रत्येक नवा पदार्थ मी घरच्या एखाद्या कृतीशेजारी ठेवून समजून घेऊ लागले, आणि हीच सवय मला पुढे सर्वाधिक उपयोगी पडली.

शाकाहारी घरांतून येणाऱ्यांनी एका गोष्टीचा निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावा. या प्रशिक्षणात मांस आणि मासे स्वच्छ करणे, कापणे, शिजवणे टाळता येत नाही. आमच्या घरात अंडेही येत नसे. मी आजीला हे स्पष्ट सांगितले, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी ‘काम म्हणून कर, मन लावून कर’ एवढेच म्हणाली. मी चव घ्यायलाही शिकले, कारण न चाखता ताट बाहेर पाठवणे मला योग्य वाटले नाही. प्रत्येकाला हे जमेलच असे नाही आणि त्यात काही कमीपणाही नाही. २०२२ च्या नव्या अभ्यासक्रमात शाकाहारी व व्हिगन पाककृतींची जादा पात्रता मिळवण्याची सोय आहे, परंतु ती मूळ अभ्यासक्रमाच्या जोडीने घ्यायची असते, त्याऐवजी नव्हे.

करारात सुरुवातीचा एक ते चार महिन्यांचा काळ परीक्षणाचा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना करार सोडता येतो. त्या महिन्यांत सणावारी आणि शनिवार-रविवारी काम करताना घराची फार आठवण येते. माझी पहिली दिवाळी भांडी आवरण्यात गेली.

अंतिम परीक्षा दोन भागांत होते. पहिला भाग दुसऱ्या वर्षात आणि दुसरा अखेरीस. परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षे नियमितपणे लिहिलेली ‘बेरिख्ट्सहेफ्ट’, म्हणजे कामाची नोंदवही, सादर करावी लागते. ती अपुरी असेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. माझ्याबरोबरची काही मुले शेवटच्या महिन्यात रात्री जागून जुन्या नोंदी भरत होती. मला लहानपणापासूनची सवय असल्यामुळे मी दर आठवड्याला काय केले, काय बिघडले आणि का बिघडले हे जर्मनमध्ये लिहीत गेले, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या पानांतच होती. निकालानंतर त्याच हॉटेलने मला नोकरी दिली. आता नव्याने आलेल्या मुलांना क्नोडलचे पाणी कसे ठेवावे हे मी दाखवते, आणि महिन्यातून एकदा कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी बाफले करते, त्यासाठी जीरावण आई इंदूरहून पाठवते.