डेस्कटॉप हँग होतोय? आधी गोठलेल्या घड्याळाचा फोटो

गेल्या वर्षी ऐन मार्चअखेरीला, सोसायटीचे हिशेब पुरे करायच्या आठवड्यात, आमचा घरचा डेस्कटॉप हँग व्हायला लागला. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. मी नवी रॅम आणली, फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकलं, दोन शनिवार-रविवार त्यात गेले. शेवटी निघाली काय, तर डिस्कची साटा केबल, म्हणजे तिला मदरबोर्डशी जोडणारी वायर, सैल. हँग कधी कधी झाला त्या वेळा लिहिलेल्या असत्या, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. एकही वेळ लिहिलेली नव्हती. आता वहिनींचा कॉम्प्युटर तसंच करतोय, म्हणून तिकडे जायच्या आधी हे लिहून काढतोय.

बॅकअप आजच घ्या, बाकी सगळं नंतर. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर विंडोजच्याच ‘चेकडिस्क’ची सेक्टरन् सेक्टर वाचणारी तपासणीसुद्धा तिला झेपत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहा. विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन आपल्याला न कळता चालू असू शकतं, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घातल्यावर मशीन ती की मागतं.

आता मुख्य गोष्ट. स्क्रीन गोठली की खालच्या कोपऱ्यातलं घड्याळही गोठतं. ते जी वेळ दाखवतंय तीच हँग होण्याची वेळ. पॉवरचं बटण दाबायच्या आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. बटण दाबलं की ती वेळ गेली, आणि संध्याकाळी आठवून ‘साधारण साडेचार’ लिहिलेलं काही कामाचं नाही. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, मुलांनाही. मशीन तुमच्यासमोरच हँग होईल असं नाही. फोटो काढल्यावर नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन पूर्ण मेलेलं नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि स्क्रीन परत आली तर संशय तिकडे. माउस हलतोय पण क्लिक लागत नाही, आणि अर्ध्या-एक मिनिटाने सगळं आपोआप सुरू होतं, असं असेल तर डिस्ककडे बघा. माझं नेमकं हेच होत होतं. हे सगळं फोटोतल्या वेळेसमोर वहीत लिहा: त्या वेळी काय चालू होतं, किती वेळ अडकलं, आपोआप सुटलं की बटण दाबावं लागलं.

ही वेळ इतकी का लागते? विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनच्या घडामोडींची नोंदवही, उघडलात की सिस्टिमच्या लॉगमध्ये लाल-पिवळ्या नोंदींची रांग दिसते. धडधाकट मशीनवरही दिसते. वेळ माहीत नसेल तर त्यातली कुठलीही नोंद गुन्हेगार वाटते. मला ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसली आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेला असं मी ठरवून टाकलं होतं. मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं, एवढंच ती नोंद सांगते. बटण दाबून धरून ती मीच तयार करत होतो! खरी नोंद तिच्या आधीच्या मिनिटांत होती: ‘स्टोरएएचसीआय’, क्रमांक १२९, म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून विंडोजने तिला रिसेट केलं. फोटो असता तर थेट त्या मिनिटावर गेलो असतो.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पेनड्राइव्हवर घेऊन जा. त्यात ०५ आणि सी५ (डिस्कवरच्या खराब जागांची मोजणी) यांचे आकडे वाढत असतील तर डिस्क खराब होतेय. फक्त सी७ (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. म्हणून एक नवी साटा केबल सोबत असू द्या, स्वस्त असते.

कॅबिनेट उघडताना वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. काहीही उपसण्याआधी आतला फोटो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. सीपीयूवरच्या कूलरचे चारही पाय घट्ट आहेत का बघा, तापमान सतत नव्वद अंशांच्या वर जात असेल तर सीपीयू आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदला.

रॅम काढून खोडरबरने तिचे पाय पुसणं आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. पुसा, पण त्याच दिवशी ड्रायव्हर आणि केबल बदलू नका. एका वेळी एकच बदल, वहीत तारीख, मग निदान दोन दिवस वाट. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू असेल तर बंद करून बघा. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एकही एरर आली तरी रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासा. आणि या दोन दिवसांत पुन्हा हँग झाला तर? फोटो. कंटाळा आला असेल तरी फोटो.

पुढचं भराभर. विंडोजच्या बिघडलेल्या फाइल दुरुस्त करणारी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ कमांड एकदा चालवा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नुकताच बदलला असेल तर आधीचा टाका. इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट कराच, २०२४ मध्ये त्यांच्या व्होल्टेजच्या दोषावर दुरुस्ती आली आहे. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

एसएमपीएस कुणाकडून तरी चांगला चालणारा मागून लावून बघा. तो उघडू मात्र नका, बंद असला तरी आत जबर झटका बसण्याइतकी वीज असते. मदरबोर्डवर संशय उरला तर दुकानात न्या आणि वही व मोबाइलमधले फोटो आधी दुकानदाराला दाखवा, मशीन नंतर.