पुराचा इशारा आला की या चुका टाळा, नदीकाठच्यांनी तर नक्कीच

पावसाळा लागला की सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती झालं?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं. 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण आयर्विनला किती झालं की तुमच्या दारात पाणी येतं असं विचारलं तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही, आणि खरी गडबड तिथंच आहे. कर्नाळ रोडकडं, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या भागात 40 व्हायच्या आधीच पाणी शिरतं, आणि विश्रामबागेत 45 ला पण कोरडंच असतं. मग दोघांनी एकाच आकड्याची वाट बघून कसं चालेल?

तर आपल्या घराचा आकडा काढून ठेवा. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, तेव्हा तुमच्या घरात समजा चार फूट पाणी होतं तर साधारण 53 ला तुमच्या उंबऱ्याला पाणी लागणार, मग निघायचा आकडा त्याच्या चार-पाच फूट आधीचा धरायचा, म्हणजे 48-49. वाटेत सखल रस्ता किंवा ओढा असेल तर अजून आधीचा, कारण घर कोरडं असतानाच रस्ता बंद होतो हे दरवेळी होतं. हा आकडा दाराच्या आत खडूनं नाहीतर पेंटनं लिहून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना पण माहीत पाहिजे.

"एवढं कधी आलं नव्हतं" यावर विसंबू नका. 2005 ची खूण बघून 2019 ला किती लोक थांबले, सामान माळ्यावर टाकलं आणि माळाच बुडाला. जुनी खूण म्हणजे तेव्हा पाणी कुठवर आलं एवढंच, यंदा कुठवर येईल ते तिच्यावरून कळत नाही.

कोयनेचे दरवाजे खाली घेतले म्हणून सामान परत खाली आणायची घाई करतात, ही पण मोठी चूक. सोडलेलं पाणी लगेच इथं पोचत नाही, ते पाटण, कराड, बहे, ताकारी, भिलवडी करत येतं, त्यामुळं वर विसर्ग कमी झाला तरी वाटेतलं पाणी यायचंच असतं, शिवाय धरणाच्या खाली पडलेला पाऊस वेगळा आणि हरिपूरला वारणा येऊन मिळते ती वेगळीच. म्हणून पाटबंधारे खात्याचं पत्रक येतं त्यात फक्त आयर्विन बघू नका, कराडचा कृष्णा पूल आणि भिलवडी पूल बघा, तिथं चढ चालू असेल तर आपल्याकडं उतार नाही. आणि टीएमसी, क्युसेक यात गोंधळ करू नका, टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे धरणात साठा किती, क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट बाहेर. साधारण साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर सोडलं की एक टीएमसी होतं, कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी आहे, आता "सगळं धरण रात्रीत रिकामं करणार" असला मेसेज आला की तुम्हीच हिशोब करून बघा. तारीख-वेळ नसलेला व्हिडिओ पुढं पाठवू नका, कृपा करून.

आता इशारा पोचतच नाही त्याचं. पूर वाढला की महावितरण लाईट बंद करतं, करावीच लागते, पण मग ग्रामपंचायतीचा स्पीकर बंद, थोड्या वेळानं मोबाईल टॉवर बंद, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच सगळं मुकं. भोंगा बॅटरीवर चालतो का हे जूनमध्येच वाजवून बघायचं, आणि कुठल्या गल्लीत आवाज जात नाही ते पण चालत जाऊन बघायचं. मोबाईलवर मोठ्या आवाजात सरकारी अलर्ट येतो तो येत नसेल तर सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहे का बघा, चालू असूनही येत नसेल तर फोन फ्लाईट मोडवर किंवा रेंजबाहेर आहे का तेही बघा. आपत्तीचे सरकारी इशारे देणारं सचेत ॲप टाकून ठेवा. तरीपण गल्लीत दोन पोरं ठरवून ठेवा, दारोदार जाऊन हाक मारणारी. ज्या आजीला ऐकू येत नाही तिच्या दारावर कोण थाप मारणार, नावानिशी ठरलेलं पाहिजे. तारापूरसारख्या अणुवीज केंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंतच्या भागाचा आपत्कालीन आराखडा असतो आणि लोकांना घेऊन सराव होतात, मग दर दोन-चार वर्षांनी पूर बघणाऱ्या आपल्या गावांनी वर्षातून एकदा तरी सराव का करू नये?

जनावरांमुळं लोक थांबतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. माणूस निघायला तयार असतो पण गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाभण गाय असते, तिला सोडून कोण जाणार. म्हणून जनावरं माणसांच्या आधी, उजेडात हलवायची, रात्री पाण्यातनं ती पाऊल टाकत नाहीत. उंचावर कुणाच्या रानात बांधायची ते आधी बोलून ठेवा, चार दिवसांची वैरण तिथं टाकून ठेवा. आणि अगदीच वेळ आली तर दावं सोडा, बांधून ठेवू नका. भिजलेल्या दाव्याची गाठ हातानं सुटत नाही, म्हणून गोठ्याच्या खांबाला एक विळा अडकवलेला असू द्या.

शेवटच्या क्षणी नावेवर भरवसा ठेवू नका. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला काय झालं ते पलूस तालुक्यात कुणाला सांगायची गरज नाही, पुरातनं बाहेर पडणारी माणसं खचाखच भरलेल्या बोटीत होती आणि बोट उलटली. बोट आली तर आधी लाईफ जॅकेट मागा, गर्दी असेल तर पुढच्या फेरीला थांबा. पण खरं म्हणजे बोटीची वेळ येऊच नये, रस्ता उघडा असताना ट्रॅक्टरनं निघा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 आणि इमर्जन्सीचा 112 हे दोन्ही नंबर त्या दारावरच्या आकड्याशेजारीच लिहा, म्हणजे फोनची बॅटरी संपली तरी शेजाऱ्याच्या फोनवरनं लावता येतील.